मृत्युलेखातून गळालेली कारकीर्द

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवंगत पत्रकारांवरील जे स्मरणलेख आपल्या आणि इतर मराठी दैनिकांत प्रसिद्ध होतात, ते मी आवर्जून वाचतो. वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही सवय लागतेच. कोण कोणत्या आवृत्तीचा संपादक होता, कोणाच्या लेखमालेने कोणत्या मंत्र्याला घरी बसवले, कोणाला कोणता पुरस्कार मिळाला, याचा सालवार तपशील या लेखांत असतो. मात्र त्याच माणसाने पंधरा-वीस वर्षे वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सरचिटणीसपद सांभाळलेले असले, व्यवस्थापनाशी करार केलेले असले, कामगार न्यायालयाच्या तारखांना स्वतःच्या रजा खर्ची घातलेल्या असल्या, तर या साऱ्याची बोळवण 'पत्रकार संघटनांतही ते सक्रिय होते' एवढ्या वाक्यात होते, आणि पानावर जागा कमी पडली की नेमके तेच वाक्य कापले जाते. संघटनेतील कारकिर्दीला पत्रकारितेबाहेरचा उद्योग समजण्याची ही पद्धत मला चुकीची वाटते, आणि ती मोडण्याची सुरुवात वृत्तपत्रांनीच करावी, असे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बडोद्यापुरते बोलायचे तर के. विक्रम राव यांचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. १२ मे २०२५ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले. आमच्या गावात त्यांचे नाव निघाले की अजूनही डायनामाइट खटल्याचीच, म्हणजे आणीबाणीविरुद्ध स्फोट घडवण्याच्या कटाच्या आरोपाची, गोष्ट निघते, आणि ते स्वाभाविकही आहे. आणीबाणीच्या सुरुवातीला जॉर्ज फर्नांडिस भूमिगत अवस्थेत बडोद्यास आले तेव्हा राव येथे 'टाइम्स ऑफ इंडिया'चे वार्ताहर होते आणि किरीट भट्ट हे बडोदा युनियन ऑफ जर्नलिस्ट्सचे अध्यक्ष होते. वृत्तपत्रांवर लादलेली सेन्सॉरशिप दोघांनाही मान्य नव्हती. पुढे १९७६ मध्ये फर्नांडिस यांच्यासह पंचवीस जणांवर जो खटला भरला गेला, त्यात हे दोघेही आरोपी होते. मार्च १९७७ मध्ये केंद्रात सत्तांतर झाल्यावर तो मागे घेतला गेला आणि आरोपांची शहानिशा न्यायालयात पूर्ण झालीच नाही. स्फोटकांचा मार्ग मला कोणत्याही काळात पटणारा नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. परंतु सेन्सॉरशिपविरुद्ध साथीदार शोधणाऱ्या माणसाला या शहरात पत्रकारांच्या संघटनेचा अध्यक्ष गाठावासा वाटला, या गोष्टीकडे त्या खटल्यावर लिहिणाऱ्यांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

खटल्यानंतर राव जवळजवळ अर्धशतक जगले, आणि त्यातला मोठा काळ इंडियन फेडरेशन ऑफ वर्किंग जर्नलिस्ट्स या महासंघाच्या कामात गेला. या महासंघाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते, प्रेस कौन्सिलचे सदस्य होते, आणि वृत्तपत्रांतील वेतनदर सुचवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळावर श्रमजीवी पत्रकारांच्या बाजूने बसले होते. त्यांचे वडील के. रामा राव हे 'नॅशनल हेरल्ड'चे पहिले संपादक. त्याच वृत्तपत्राचे पुढचे संपादक एम. चलपती राव हे २८ ऑक्टोबर १९५० रोजी दिल्लीत स्थापन झालेल्या या महासंघाचे पहिले अध्यक्ष. म्हणजे अग्रलेख लिहिणारा संपादक आणि पगाराच्या श्रेणी मागणारा कार्यकर्ता ही त्या पिढीत दोन वेगळी माणसे नव्हती. आज एखाद्या संपादकाने कर्मचाऱ्यांच्या सभेत बसणे हीच बातमी होईल, अर्थात छापली गेली तर.

आपल्या मराठी परंपरेत तर याला फार जुना दाखला आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे 'दीनबंधु'चे संपादक होते आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले संघटकही तेच होते. १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांनी. त्यांचे चरित्र लिहिताना संपादकपद एका खणात आणि मिल हँड्स असोसिएशन दुसऱ्या खणात, असे कोणी करत नाही. पण गिरणी कामगारांसाठी लढणाऱ्या या पेशाला स्वतःच्या कामाच्या तासांवर देशव्यापी संघटना उभारण्यासाठी पुढे साठ वर्षे लागली. बातमीदार स्वतःला कामगार समजायला तयार नव्हता, आणि मालकाला ते सोयीचे होते.

न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचा अहवाल १९५४ मध्ये आला आणि त्यातून डिसेंबर १९५५ मध्ये श्रमजीवी पत्रकारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. संपादकाला काढायचे तर सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस, चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नाही, अकरा दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा, हे सर्व त्यात होते. मुद्रितशोधकालाही त्यात पत्रकार म्हणून जागा होती, आणि मी त्याच खुर्चीवरून या पेशात शिरलो असल्यामुळे मला ती व्याख्या आजही पाठ आहे. त्या कायद्यातील एक तरतूद मात्र सामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच आली असेल. स्वतःहून राजीनामा देणाऱ्या पत्रकाराला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्यासाठी एरवी दहा वर्षांची सलग नोकरी आवश्यक होती. पण सदसद्विवेकाच्या कारणावरून राजीनामा देणाऱ्याला ती तीन वर्षांनंतरच मिळत असे. वृत्तपत्राचे धोरण आपल्या मनाला पटत नाही म्हणून बाहेर पडणाऱ्याला उपाशी राहावे लागू नये, याची सोय देशाच्या संसदेने कामगार कायद्यात करून ठेवली होती. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात, परंतु त्या स्वातंत्र्याला रुपयांचा आधार देणारे असे कलम मला दुसरे माहीत नाही, आणि ते मिळवण्याचे श्रेय संघटनांकडेच जाते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, संघटनेचा पदाधिकारी असलेला पत्रकार निःपक्षपाती कसा राहणार? हा आक्षेप आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत हेवूड ब्राउन या लोकप्रिय स्तंभलेखकाने १९३३ मध्ये आपल्या स्तंभातूनच बातमीदारांच्या संघटनेची हाक दिली, त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन न्यूजपेपर गिल्ड स्थापन झाली, आणि १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ब्राउन तिचे अध्यक्ष राहिले. गिल्डचे काम करतो म्हणून असोसिएटेड प्रेसने मॉरिस वॉटसन या संपादकीय कर्मचाऱ्याला काढून टाकले तेव्हा, संपादकीय माणसे निवडण्याचे आमचे स्वातंत्र्य हा वृत्तपत्रस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा युक्तिवाद त्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केला. १९३७ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने तो फेटाळला गेला. आपल्याकडे १९५५ च्या कायद्याला आव्हान देताना मालकांनी घटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच आधार घेतला होता. मार्च १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. कायदा मुख्यतः टिकला. मात्र दिवेटिया वेतन मंडळाने ठरवलेले वेतनदर, वृत्तपत्रांची देण्याची ऐपत नीट तपासली नाही या कारणाने, रद्द झाले.

माझ्या मते त्या निकालाने संघटकाच्या कामाचे स्वरूपच बदलले. तोपर्यंत चांगला वक्ता नेता होऊ शकत होता. त्यानंतर नेत्याला ताळेबंद वाचता येणे भाग पडले. शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना, मजिठिया ही एकामागून एक आलेल्या वेतन मंडळांच्या अध्यक्षांची नावे आमच्या पिढीच्या तोंडी न्यायमूर्तींची म्हणून नव्हतीच, ती वेतनश्रेणींची नावे होती. 'तुमच्याकडे पालेकर लागू झाले का?' असा प्रश्न दोन अनोळखी उपसंपादक भेटले की पहिल्या चहाला निघत असे. प्रत्येक मंडळाने वृत्तपत्रांचे वर्ग ढोबळ उत्पन्नावरून पाडले, आणि मजिठिया मंडळाच्या वर्गवारीत तर एक हजार कोटी रुपये व त्यावरील उत्पन्नाचा पहिला वर्ग आहे. वर्ग खाली आला की पगार खाली येतो. म्हणून एकाच मालकाच्या आवृत्त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावावर दाखवण्याचे प्रकार होत, आणि समान नियंत्रणाखालील आस्थापना एकच धरावी ही कायद्याच्या परिशिष्टातील तरतूद दाखवून ते उघडे पाडणे हे संघटनेचे काम असे. बातमीदाराला कागदोपत्री व्यवस्थापक करून कायद्याबाहेर ठेवले जाई. तालुक्याचा वार्ताहर रोज बातम्या पाठवी, पण हजेरीपटावर त्याचे नाव नसे आणि नेमणूकपत्र तर त्याने कधी पाहिलेलेही नसे. अशा माणसाची नोकरी सिद्ध करायची म्हणजे त्याच्या नावानिशी छापलेल्या बातम्यांची कात्रणे, पाकिटांवरील टपालाचे शिक्के, मनिऑर्डरच्या पावत्या असा पुरावा गोळा करावा लागतो. हे काम शोधपत्रकारितेहून कोणत्या अर्थाने हलके आहे, ते मला समजलेले नाही.

आमच्या संघटनेचे सरचिटणीस शहर बातमीदार होते. सकाळी महानगरपालिका, दुपारी कोठी परिसरातील सरकारी कार्यालये, त्यांतच सहायक कामगार आयुक्तांपुढील समेटाच्या बैठका, आणि रात्री पुन्हा डेस्कवर बातमी, असा त्यांचा क्रम होता. बैठकीचा दिवस त्यांनी कधी कामाच्या वेळेत धरला नाही, कारण तेवढेच निमित्त व्यवस्थापनाला पुरले असते. मागणीपत्र दिल्यानंतर त्यांची बदली झाली, ती रद्द करून घेण्यात बराच काळ गेला, आणि त्या काळात त्यांच्या बातम्यांवरून नावही काढले गेले. अखेर करार झाला. त्या कराराची एक ओळही आमच्या दैनिकात आली नाही हे समजण्यासारखे होते. पण गावातल्या स्पर्धक दैनिकांतही ती आली नाही. एकमेकांच्या बातम्या ठळक मथळ्यांनी खोडून काढणारी वृत्तपत्रे या एका विषयावर मात्र कमालीची एकदिलाने वागत. या सरचिटणिसांच्या निधनानंतर जो मजकूर छापून आला त्यात महानगरपालिकेच्या वार्तांकनाचा गौरव होता, आणि तो योग्यच होता. संघटनेचा उल्लेख नव्हता. बातमी छापण्याचे साधन ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्धचीच ही बातमी असल्यामुळे या कारकिर्दींची नोंद मागे राहत नाही, हे त्याचे सरळ कारण आहे.

मजिठियाच्या वेळी तर या कामाची अक्षरशः परीक्षा झाली. शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या वैध ठरवल्या आणि थकबाकी वर्षभरात चार समान हप्त्यांत देण्यास सांगितले. मधल्या काळात देशभर अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांपुढे एक कागद ठेवला गेला होता: 'मला सध्याचेच वेतन मान्य आहे.' शिफारशींतील कलम २० (जे) मध्ये तसा पर्याय होता खरा, पण ज्याला आधीच अधिक मिळते त्याच्यासाठी. सही करू नका, हे रात्रपाळीच्या माणसाला वेळेवर सांगणारा कोणीतरी कार्यालयात असणे, एवढ्यावर पुष्कळ कुटुंबांची थकबाकी अवलंबून होती. १९ जून २०१७ रोजी न्यायालयाने कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही शिफारशी लागू असल्याचे सांगितले आणि अधिसूचित वेतनापेक्षा कमी वेतनाचे करार टिकणार नाहीत, हेही स्पष्ट केले; मात्र मालकांना अवमानाबद्दल दोषी धरले नाही आणि प्रत्येकाने आपला दावा १९५५ च्या कायद्यातील थकबाकी वसुलीच्या कलम १७ खाली मांडावा, असा मार्ग दाखवला. निकालाचे वृत्त एका दिवसात शिळे झाले. त्यानंतर एकेका सहकाऱ्याच्या पगाराचा महिनावार तक्ता करून अर्ज भरत बसण्याचे काम ज्यांनी केले, त्यांच्यासाठी तो निकाल अनेक वर्षे चालू राहिला.

संघटनांचे दोष मी झाकू इच्छित नाही, कारण त्या दोषांमुळेही ही कारकीर्द बदनाम झाली आहे. अधिस्वीकृतीपत्र, प्रवासाची सवलत, सरकारी भूखंड आणि मंत्र्यांच्या हस्ते सत्कार यांत रमलेल्या मंडळींनी 'पत्रकार संघ' या नावाचे जे केले ते सर्वांना दिसते. मालकाकडे कधी एक मागणीपत्र न देणारी संस्था स्वतःला कितीही संघटना म्हणवो, ती मित्रमंडळच राहते. एकच माणूस अनेक दशके अध्यक्ष राहणे कोणत्याही संघटनेला मानवत नाही, असे माझे मत आहे, आणि ते विक्रम राव यांच्या महासंघालाही लागू पडते. त्यात फूट पडली, वेगळी संघटना निघाली, आणि पुढच्या वेतन मंडळांपुढे श्रमजीवी पत्रकारांची बाजू एकमुखाने गेली नाही. तालुका वार्ताहर आणि छपाई विभागातील कामगार यांना पदाधिकारी मंडळात कितपत जागा मिळाली, हाही अवघड प्रश्न आहे. स्त्रिया तर आमच्या कार्यकारिणीत अपवादानेच आल्या. परंतु हे सारे दोष नीट लिहायचे तरी मुळात इतिहास लिहिला गेला पाहिजे. नोंदच नसेल तर स्तुती आणि निंदा दोन्ही ऐकीव राहतात.

आता घाई करण्याचे एक निश्चित कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांबरोबर १९५५ चा कायदा गेला. नव्या व्याख्येत वृत्तवाहिन्यांतील पत्रकार आले, आणि उपदानासाठी श्रमजीवी पत्रकाराला तीन वर्षांची नोकरी पुरेशी मानली गेली, या गोष्टी चांगल्या आहेत. पण सर्व आस्थापनांना बांधील असे वेतनदर सुचवणारे, मालक, कर्मचारी आणि निवृत्त न्यायमूर्ती यांचे जुन्या स्वरूपाचे वेतन मंडळ राहिले नाही, आणि विवेकासाठी राजीनामा देणाऱ्याची ती वेगळी सोयही राहिली नाही. नव्या व्यवस्थेत काय मागायचे, हे आज पंचविशीत असलेल्या पत्रकारांना ठरवावे लागेल. आधीच्यांनी काय मागितले होते आणि त्यातले काय कसे मिळाले, हे ठाऊक असलेली माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मागणीपत्रे, इतिवृत्ते, समेटाच्या बैठकींची टिपणे घरच्या कपाटांत आहेत, आणि घर बदलताना सर्वांत आधी बाहेर पडतात ते असलेच कागद.

म्हणून माझी आपल्याला दोन मागण्यांची विनंती आहे. पहिली अगदी साधी: कोणा पत्रकाराच्या निधनाचे वृत्त करताना त्याच्या संघटनेतील पदांची, करारांची आणि खटल्यांची विचारणा घरच्यांकडे आणि सहकाऱ्यांकडे करण्याची सूचना आपल्या डेस्कला द्यावी; ती माहिती आपल्याच संस्थेशी झालेल्या वादाची असली, तरी छापावी. दुसरी अशी की, ६ जानेवारीस दर्पण दिनाच्या निमित्ताने आपण जी पुरवणी काढता, तिच्यात बाळशास्त्री जांभेकरांना अभिवादन आणि माध्यमांपुढील आव्हाने यांच्या जोडीला एक पान वृत्तपत्र कामगार संघटनांच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींसाठी राखावे, आणि महाराष्ट्राबाहेरील बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी माणसांना त्यात सामावून घ्यावे. येथील मराठी पत्रकारांनी गुजराती, हिंदी आणि इंग्रजी दैनिकांत नोकऱ्या केल्यामुळे मराठी वाचकाला त्यांची नावे अपरिचित राहिली आहेत.

आमच्या संघटनेच्या जुन्या कागदांची काही बाडे माझ्याकडे शिल्लक आहेत. त्यांची यादी करून पाठवण्यास मी तयार आहे. फक्त आपल्याकडे गुजराती वाचणारे कोणी असावे, कारण सभांची इतिवृत्ते गुजरातीत आहेत, व्यवस्थापनाशी झालेला पत्रव्यवहार इंग्रजीत आहे, आणि आम्हा दोघा-तिघांनी समासात केलेली टिपणे तेवढी मराठीत आहेत.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त उपसंपादक,
दांडिया बाजार, वडोदरा